माइकवरची अहिराणी आणि खात्यावरचे गुण

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पोरांच्या तोंडी बीजीएमआय, या खेळात मॅच संपली की सोबत खेळलेल्यांच्या नावांपुढे दोन सोयी असतात. नीट खेळला, नीट वागला तर अंगठा द्यायचा. शिव्या दिल्या, मुद्दाम आपल्याच माणसाला मारलं, मॅच अर्ध्यात सोडून पळाला तर तक्रार करायची. प्रत्येक खात्याला मेरिट नावाचे गुण असतात. वागणूक बिघडली की ते उतरतात, आणि फार उतरले की अनोळखी खेळाडूंबरोबर टीम मिळणं बंद होतं. जळगावच्या होस्टेलवर, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, शिरपूर-दोंडाईच्यात रात्री जेवणं आटोपल्यावर फोन घेऊन बसलेली पोरं हे सगळं पाठ सांगतील. खान्देशात गेम म्हणजे मोबाइल. महागडे कॉम्प्युटर थोड्यांच्याच घरी आहेत, आणि वडीलधाऱ्यांचा या विषयाशी संबंध बहुधा 'ठेव तो फोन' इथेच संपतो.

हजारो अनोळखी माणसं एका मैदानात येतात. एकमेकांचं नाव, गाव, वय कुणाला माहीत नसतं. अशा गर्दीला वळण लावायला 'वागण्याचे गुण' हा उपाय किती चालतो, कुठे फसतो, आणि आपल्या भागात तो लागू होताना काय निसटतं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. गुणांमुळे वागणूक सुधारते, पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात: काय चुकलं ते माणसाला कळलं पाहिजे, त्याला परत यायची वाट पाहिजे, आणि न्याय करणाऱ्याला त्याची भाषा समजली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी जग ठेचा खाऊन शिकलं आहे. तिसरीकडे अजून फारसं कुणाचं लक्ष नाही, आणि ती खान्देशच्या अगदी जवळची आहे.

हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेतून पावेल कर्टिस यांनी चालवलेल्या 'लॅम्डामू' या निव्वळ शब्दांच्या आभासी जगात मिस्टर बंगल नावाच्या पात्राने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची दृश्यं सर्वांसमोर लिहून दाखवली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३ मध्ये ती हकीकत लिहिली. रहिवाशांनी खूप वाद घातला, शेवटी एका व्यवस्थापकाने ते पात्रच पुसून टाकलं. थोड्या दिवसांनी तोच माणूस डॉक्टर जेस्ट या नव्या नावाने हजर झाला. त्यानंतरची तीस वर्षं खेळ बनवणारे या एका अडचणीशी झुंजत आहेत.

१९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला आणि हजारो लोक एकाच जगात राहू लागले. काही जण नव्या, दुबळ्या खेळाडूंना रानात गाठून मारायचे आणि लुटायचे. उपाय म्हणून खुनांची नोंद सुरू झाली. पाच खुनांची नोंद झाली की खेळाडूचं नाव लाल. लाल नावाचा माणूस गावात शिरला तर पहारेकरी त्याला जागीच मारणार. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्यक्षात मारेकऱ्यांनी गावातल्या खरेदी-विक्रीसाठी दुसरं, स्वच्छ नावाचं पात्र ठेवलं. काहींनी समोरच्याला डिवचून पहिला वार त्याच्याकडून करवून घ्यायची कला साधली, म्हणजे दोष त्याच्यावर. अखेर २००० साली कंपनीने जगाचे दोन भाग केले. एका भागात संमतीशिवाय कुणी कुणाला मारूच शकत नव्हतं, आणि बहुतेक लोक तिकडे राहायला गेले. वागण्याची नोंद ठेवून जे जमलं नाही ते मैदानाची रचना बदलून जमलं.

'द सिम्स ऑनलाइन'ची गोष्ट याहून बोलकी आहे. २००२ च्या शेवटी आलेल्या या खेळात प्रत्येकाला मित्र आणि शत्रू जाहीर करता यायचे, आणि हे संबंध सगळ्यांना दिसायचे. थोड्याच दिवसांत तिथे 'माफिया' तयार झाला. पंधरा-वीस जणांनी मिळून एखाद्याला शत्रू ठरवायचं, त्याचं नाव बघता बघता काळं करायचं, आणि नाव धुऊन हवं असेल तर खेळातले पैसे मागायचे. लोकांनी लोकांना गुण द्यायचे म्हटलं की टोळी करून गुण पाडणारेही येतात. आज एखाद्या गिल्डचे, म्हणजे खेळातल्या गटाचे, लोक ठरवून कुणाचं खातं रिपोर्ट करतात तेव्हा तेच घडत असतं, फक्त खंडणीच्या जागी सूड असतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या बाजारानेही ही कुरूपता पाहिली. ग्राहकाने वाईट शेरा दिला की विक्रेता उलट वाईट शेरा द्यायचा, म्हणून लोक खरं लिहायलाच घाबरू लागले. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शिकवणारा प्रयोग 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाचा. त्यावर थोडं थांबायला हवं.

या खेळातल्या शिव्या जगभर कुप्रसिद्ध होत्या. रायट गेम्स या कंपनीने २०११ मध्ये 'ट्रायब्युनल' सुरू केलं. एखाद्यावर बऱ्याच तक्रारी आल्या की त्याचं प्रकरण, चॅटच्या नोंदींसह, इतर खेळाडूंसमोर ठेवायचं. त्यांनी वाचून शिक्षा की माफी असं मत द्यायचं. सुरुवातीला या पंचांना बक्षीस म्हणून खेळातले थोडे गुण मिळत. मग न वाचताच 'शिक्षा' दाबणारे निघाले आणि ते बक्षीस बंद करावं लागलं. तरी लाखो प्रकरणं अशी निकाली निघाली आणि त्यातून जे हाती आलं ते मोलाचं होतं. जेफ्री लिन हे मज्जाशास्त्राचा अभ्यास केलेले संशोधक या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या गटाने मांडलेल्या आकड्यांनुसार खेळातल्या वाईट वागण्यापैकी सुमारे १३ टक्केच कायमच्या उपद्रवी खेळाडूंकडून येत होतं. उरलेलं सगळं एरवी नीट वागणाऱ्या माणसांचं होतं. दिवस वाईट गेलेला, सलग तीन मॅच हरलेला, घरी कुणी बोललेलं.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो 'वाईट पोरं शोधा आणि हाकला' या आपल्या पहिल्या प्रतिक्रियेलाच धक्का देतो. सगळे टारगट हाकलले तरी गर्दीतला बहुतेक विखार तसाच राहणार. म्हणून शिक्षेचा उद्देश साफसफाई हा नसून सुधारणा हा असायला हवा. त्याचीही मोजणी याच गटाने केली. फक्त 'तुझं वागणं चुकलं, म्हणून बंदी' एवढंच सांगितलेल्यांपैकी निम्मे लोक पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा अडचणीत आले नाहीत. ज्यांना त्यांचंच चॅट आणि पंचांचा निकाल समोर ठेवून दाखवला, त्यांच्यात हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. स्वतःचे शब्द स्वतःला वाचून दाखवणं, एवढाच फरक.

आणखी एक प्रयोग तर अगदी साधा होता. विरोधी संघाशी बोलायचं चॅट आपोआप चालू असायचं, ते आपोआप बंद ठेवलं. ज्याला हवं त्याने चालू करावं. आठवडाभरात वाईट चॅट ३० टक्क्यांहून अधिक घटलं आणि चांगलं चॅट जवळपास ३५ टक्क्यांनी वाढलं. कुणालाही शिक्षा न करता. २०१२ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'ऑनर' ही सोबत्याला शाबासकी द्यायची सोय आणली. 'ओव्हरवॉच' या खेळाने जून २०१८ मध्ये अशीच सोय आणली तेव्हा त्याच्या प्रमुखांनी अमेरिका विभागातलं शिवीगाळीचं चॅट सुमारे २६ टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. हे कंपन्यांनी स्वतःच केलेलं मोजमाप आहे हे ध्यानात ठेवूनही, शाबासकीचा गुण तक्रारीच्या गुणापेक्षा कमी विषारी असतो हे मान्य करावं लागतं. टोळी करून शाबासकी वाटली तर फार तर ती स्वस्त होते. टोळी करून तक्रारी केल्या तर एखाद्याचं खातं जातं.

ट्रायब्युनल २०१४ मध्ये बंद झालं. लोकांच्या पंचायतीपेक्षा यंत्राचा निकाल लवकर लागतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. इथून पुढे खेळांचा न्याय माणसांच्या हातून यंत्राकडे जात राहिला.

गुण दाखवायचे की लपवायचे, यावर दोन पंथ आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच कंपनीत नांदतात. वाल्व्हच्या 'डोटा २'मध्ये खेळाडूला आपला वागणुकीचा आकडा दिसतो. २०२३ मध्ये त्याचे दोन भाग झाले, एक खेळातल्या वागण्याचा आणि एक बोलण्याचा. वाल्व्हच्याच 'काउंटर-स्ट्राइक'मधला 'ट्रस्ट फॅक्टर' मात्र २०१७ पासून पूर्ण गुप्त आहे. कशाने वाढतो, कशाने घटतो, काही सांगत नाहीत, कारण सांगितलं की लोक त्याला फसवायला शिकतील. एक्सबॉक्सने ऑगस्ट २०२३ मध्ये तिसरी वाट धरली: आठ ठपक्यांची पाटी. प्रत्येक ठपका सहा महिने राहतो आणि मग पुसला जातो. आठ साठले तर वर्षभर लोकांशी संपर्काच्या सोयी बंद. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते. आपण कुठे उभे आहोत ते माणसाला दिसतं, आणि काळ गेला की ठपका जातो. लपवलेल्या गुणांनी फसवणूक करणारे थोडे अडत असतील, पण प्रामाणिक पोरगा आपल्याला रोज वाईटच टीम का मिळते हा विचार करत बसतो आणि त्याला उत्तर देणारं कुणी नसतं.

आता नव्या नावाचा प्रश्न, मिस्टर बंगलवाला. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये तो गणिताने मांडला. नाव बदलणं फुकट असेल तर नव्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून प्रत्येक नवख्याला सुरुवातीला अविश्वासाची किंमत मोजावी लागते. चार लबाडांमुळे सगळ्या भल्या नवख्यांना रांगेत उभं राहावं लागतं. खेळांत हे रोज दिसतं. नवी आयडी, नवा ईमेल, आणि मागचे ठपके साफ. वाल्व्हने सप्टेंबर २०२३ मध्ये मुरलेल्या खेळाडूंनी काढलेली ९० हजार दुय्यम खाती बंद केली आणि मूळ खातंही धोक्यात येईल असं बजावलं. आपल्याकडे त्याहून पुढची गोष्ट चालते, आयडी विकण्याची. वर्षभर खेळून वर नेलेलं, भारी स्किन असलेलं खातं इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामवर विकलं जातं. खात्याबरोबर चांगल्या वागणुकीचे गुणही विकले जातात. ज्या गुणांना विकत घेता येतं ते माणसाबद्दल काय सांगणार?

मग खऱ्या नावाने, ओळखपत्राने खातं द्या, असं कुणीही सुचवेल. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. आपल्याकडे मला यात एकच गोष्ट दिसते आणि ती पुरेशी आहे. चोपड्याची किंवा नंदुरबारची एखादी मुलगी माइक चालू करून खेळते, तेव्हा पहिल्याच वाक्याला चार आवाज बदलतात. कुणी नंबर मागतो, कुणी घाण बोलतो. टोपणनाव हेच तिचं संरक्षण आहे. खरं नाव दिसायला लागलं तर त्रास देणारे गप्प बसतील याची खात्री नाही, ती मात्र खेळ सोडेल याची आहे. खात्याची ओळख कंपनीला माहीत असावी, गर्दीला नसावी. एवढी मर्यादा पाळली तरी बरंच काही साधेल.

आता भाषेकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते, आणि त्यातले बहुतेक अहिराणी बोलणारे. शिवाय यावल-रावेरकडची लेवा बोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याची पावरी आणि भिलोरी आहे. ही पोरं माइकवर जे बोलतात त्यात अहिराणी, मराठी, हिंदी आणि गेमची इंग्रजी एका श्वासात असते. 'भो, मांगे ये, रिव्हाइव्ह दे' हे वाक्य कुठल्या यंत्राला कुठल्या भाषेत घालायचं?

यंत्रांची सुरुवात इंग्रजीपासूनच झाली. रायटने आवाजाच्या नोंदी तपासून शिवीगाळ ओळखायचं काम २०२२ च्या जुलैत सुरू केलं ते उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीपासून. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने ऑगस्ट २०२३ मध्ये असं यंत्र बसवलं तेही आधी इंग्रजीसाठीच. अहिराणीतली शिवी अशा यंत्राच्या कानावरून निघून जाणार. आणि उलटही होणार. खान्देशात दोस्तांमध्ये शिवी ही लाडाची असते. बालपणापासूनचे चार मित्र टीम करून खेळतात तेव्हा त्यांच्या तोंडी जे येतं ते लिहून काढलं तर कुठल्याही पंचाला ते भयंकर वाटेल, आणि त्या चौघांना त्यात काही वाटत नाही. तेच शब्द पाचव्या, अनोळखी पोराला, त्याच्या जातीवरून किंवा गावावरून सुनावले की ते वेगळे होतात. हा फरक ओळखायला शब्दांची यादी पुरत नाही, नातं माहीत लागतं.

यंत्राला भाषा येत नसेल तर निकाल सोबत्यांच्या तक्रारीवर येऊन टेकतो. तक्रारीचं बटण दाबणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुला शिवी ऐकू आली की नुसती न समजणारी बोली. पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या पोरांनी भरलेल्या टीममध्ये साक्रीचा एखादा पोरगा गप्प राहायला शिकतो, त्यामागे हेही असतं.

गर्दी अनोळखी माणसाचा निकाल लावते तेव्हा काय होऊ शकतं, हे धुळे जिल्ह्याने जवळून पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. व्हॉट्सअॅपवर त्याआधी तशा अफवा फिरत होत्या. ही घटना खेळाच्या पंक्तीला बसवणं मला स्वतःला जड जातं. ती इथे आणतो ती त्यानंतर जे झालं त्यासाठी. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आली. खूण संदेशावर आहे, पाठवणाऱ्यावर नाही. कुणाच्या नावापुढे 'अफवाखोर' असा गुण चिकटला नाही, तरी वेग कमी झाला. माणसाला डाग न लावता कृतीला अडवता येतं, हे चॅट आपोआप बंद ठेवण्याच्या प्रयोगाशी जुळतं, आणि खेळ बनवणाऱ्यांनी आधी हीच वाट धरायला हवी असं मला वाटतं.

दुसरा धडाही महाराष्ट्राचाच आहे. जातपंचायती शतकानुशतकं माणसांच्या वागण्याचे गुण ठेवत आल्या. वाळीत टाकायचं, लग्नाला-मयताला कुणी जायचं नाही, आणि दंड भरला की परत घ्यायचं. निकाल देणाऱ्यांना जाब विचारायची सोय नाही, दाद मागायची जागा नाही. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचा खून झाला, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तरी मोहीम थांबली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. खेळातून बंदी येणं आणि गावाने वाळीत टाकणं यांची बरोबरी होत नाही. तरी कायद्यामागची जाण इथे कामाची आहे: समूहाने एखाद्याला दूर करायचं तर कारण, पुरावा आणि वरच्या पायरीवर दाद, या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. गुप्त गुणांच्या व्यवस्थेत यातली एकही नसते.

कंपन्यांच्या व्यवस्थेबाहेर खान्देशात एक छोटी, स्वतःची व्यवस्था आधीच चालू आहे, आणि तिच्याकडे कुणी गांभीर्याने पाहिलेलं नाही. कस्टम रूम, म्हणजे ठरावीक लोकांसाठीच उघडलेली मॅच. कॉलेजातला एखादा पोरगा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतो, स्लॉट वाटतो, मॅचच्या आधी रूम आयडी आणि पासवर्ड टाकतो. हॅक वापरणारा, ठरलेल्या वेळी न येणारा, शिव्या देणारा पुढच्या वेळी स्लॉटला मुकतो. इथे पंचाला भाषा कळते, पोरांचं नातं कळतं, कोण नव्या नंबरवरून परत आलाय तेही आवाजावरून कळतं. माफी मागितली तर दोन आठवड्यांनी परत घेतात. लिन यांच्या गटाला आकडे मोजून जे सापडलं ते या पोरांना अनुभवाने सापडलं आहे. मात्र याच ग्रुपांत एंट्रीचे वीस-पन्नास रुपये यूपीआयने घेऊन पसार होणारेही असतात, आणि 'पेमेंट प्रूफ' म्हणून दाखवलेले स्क्रीनशॉट बनावट असू शकतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून बक्षीस जिंकायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता व नोंदणीची वाट दिली. एंट्री घेऊन बक्षीस देणाऱ्या रूम त्यामुळे अडचणीत येऊ शकतात. माझ्या मते ते बरंच झालं. पैशाविना चालणाऱ्या रूम टिकाव्यात, आणि कॉलेजांनी त्यांना जागा द्यावी. कुस्तीच्या आखाड्याला वस्ताद असतो. रूमलाही एक जाणता माणूस मिळाला तर काय बिघडलं?

मोठ्या कंपन्यांबाबत हातात एक साधन आहे, पण ते फार थोडे वापरतात. केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे इंटरनेटवरच्या मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं असतं. उत्तर पटलं नाही तर २०२३ पासून काम करणाऱ्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. खातं बंद झालेल्या पोराने इन्स्टाग्रामवर रडण्याऐवजी ही चिठ्ठी लिहिली पाहिजे, आणि ती लिहायला कुणा शिक्षकाने त्याला मदत केली पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपनीचे नियम इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या, वापरणाऱ्याच्या पसंतीच्या भाषेत मिळायला हवेत. मराठी त्या अनुसूचीत आहे, म्हणून नियम मराठीतून मागता येतात. अहिराणी, भिलोरी, पावरी तिच्यात नाहीत. ज्या बोलीत बोलल्याबद्दल खात्याचे गुण कापले जाऊ शकतात, त्या बोलीत निकाल देणारा माणूस ठेवायची सक्ती आज कुठल्याच नियमात नाही. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याचे पुढचे नियम ठरताना ही मागणी धुळ्या-जळगावातून जायला हवी.